शस्त्रनोंदणी आणि जप्तीची भीती

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ बंदूकधारकांचा विरोध बंदीइतकाच साध्या नोंदणीलाही असतो. नुसत्या यादीने कोणाची बंदूक जात नाही, हे खरे. परंतु एका हेतूने केलेली यादी पुढे दुसऱ्या हेतूने वापरली जाणार नाही, याची हमी कोण देणार, असा त्यांचा प्रश्न आहे. दाखला दिला जातो तो न्यूयॉर्क शहराचा. तेथे १९६७ साली रायफली व शॉटगन यांची नोंदणी सक्तीची झाली. १९९१ साली शहराने काही अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली, तेव्हा त्या कोणापाशी आहेत हे जुन्या दप्तरावरूनच कळले. शस्त्र जमा करावे, निकामी करावे किंवा शहराबाहेर न्यावे, अशा सूचना मालकांना गेल्या. याला सरसकट जप्ती म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटते. भीती मात्र निराधार म्हणता येत नाही.

१९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची नोंदवही उभारण्यास मनाई केली. परिणामी गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील केंद्राला उत्पादकापासून विक्रेत्यापर्यंत विचारपूस करीत काढावा लागतो. बंद पडलेल्या दुकानांची दप्तरे त्याच्यापाशीच येतात. तरीही त्यांत मालकाच्या नावावरून शोध घेता येत नाही! शिवाय ही मनाई केंद्रापुरतीच आहे. कॅलिफोर्नियाने १९८९ साली विशिष्ट रायफलींवर निर्बंध घालताना पूर्वीच्या मालकांना नोंदणीच्याच अटीवर त्या ठेवू दिल्या.