परदेशातील चिनी ग्रंथपाल : काही समज आणि वस्तुस्थिती

ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयात पहिला चिनी ग्रंथ १६०४ साली दाखल झाला. परंतु त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे तेथे जमत गेलेल्या चिनी पुस्तकांपैकी कोणते कोणत्या विषयाचे आहे, एवढेही सांगू शकेल असा मनुष्य त्या विद्यानगरीत नव्हता. १६८७ साली नानकिंगचा शेन फू-त्सुंग नावाचा एक तरुण ख्रिस्ती गृहस्थ युरोपच्या प्रवासात ऑक्सफर्डला गेला, ग्रंथपाल टॉमस हाइड यांच्यासमवेत बसून त्याने ती पुस्तके पाहिली, आणि त्याने सांगितलेले हाइड यांनी टिपून घेतले, तेव्हा कोठे त्या कागदांना ग्रंथत्व प्राप्त झाले. युरोप-अमेरिकेत आज चिनी ग्रंथांचे जे मोठे संग्रह आहेत, त्यांच्या मुळाशी असा कोणीतरी जाणकार बसलेला आढळतो. आणि तरीही हे संग्रह सांभाळणाऱ्या ग्रंथपालांच्या व्यवसायाविषयी सुशिक्षितांतही जे समज रूढ आहेत, ते इतके ढोबळ आहेत की त्यांचे निरसन करणे मला अगत्याचे वाटते.

ग्रंथपाल म्हणजे पुस्तकांची देवघेव करणारा कारकून, हा समज तर सर्वपरिचित आहे आणि त्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. देवघेव बहुधा दुसरेच कर्मचारी पाहतात. चिनी ग्रंथपालाकडे निवड, खरेदी, नोंद, वर्गीकरण, जतन आणि अभ्यासकांचे मार्गदर्शन ही खाती असतात, आणि ग्रंथालय लहान असेल तर ती सारी एकाच माणसाच्या शिरावर येतात.

याहून अधिक खोल रुजलेला समज असा की, चिनी भाषा आली म्हणजे हे काम आले. या समजाचा फोलपणा दाखवण्यासाठी एकच प्रसंग कल्पावा : एखाद्या देणगीतून आलेला, दोऱ्याने शिवलेला, लाकडी फळ्यांवर कोरून छापलेला एक जुना ग्रंथ टेबलावर आहे, आणि तो केव्हा छापला गेला हे नोंदीत लिहावयाचे आहे. प्रस्तावनेखाली तिथी असते. पण ती प्रस्तावना लिहिल्याची तिथी, छपाईची नव्हे, कारण कोरलेल्या फळ्या पिढ्यान् पिढ्या जपल्या जात, एका छापखान्याकडून दुसऱ्याकडे विकल्या जात, झिजलेल्या फळ्या बदलून पुन्हा छपाई होई, आणि मुखपृष्ठ मात्र जुनेच राही. बरे, ती तिथी तरी सरळ असावी, तर तेही नाही. कधी ती सम्राटाच्या राजवर्षात दिलेली असते. कधी, आपल्याकडील प्रभव-विभवादी साठ संवत्सरांप्रमाणे चीनमध्येही साठ वर्षांचे जे चक्र चालते, त्यातील वर्षाचे केवळ नाव दिलेले असते. आणि मग त्या चक्रातील पहिले वर्ष लिहिलेले दिसले, तर ते १७४४ समजावे, १८०४ समजावे की १८६४ समजावे, याचा निवाडा कागद, अक्षरांचे वळण आणि ग्रंथात उल्लेखिलेली माणसे यांवरून करावा लागतो. त्यातही चिनी वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत संपत असल्यामुळे बाराव्या महिन्यातील तिथी बहुधा पाश्चात्त्य गणनेने पुढच्या सालात पडते.

या निवाड्यात एक विलक्षण साक्षीदार उपयोगी पडतो. राज्य करीत असलेल्या सम्राटाच्या व्यक्तिनामातील अक्षर लिहिणे प्रजेला निषिद्ध असे. खांग-शी सम्राटाचे नाव श्युएन-ये. म्हणून त्याच्या कारकिर्दीपासून छापलेल्या ग्रंथांत ‘श्युएन’ या अक्षराची शेवटची रेघ गाळलेली असते, किंवा त्याच्या जागी दुसरेच अक्षर योजलेले असते. अशी गाळलेली रेघ दिसली की ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापूर्वीचा नाही, असे अनुमान करण्याचा मोह होतो. परंतु तेच अक्षर त्यापूर्वीच्या सुंग राजवटीतही वर्ज्य होते, आणि सुंगकालीन प्रतीची हुबेहूब नक्कल करणाऱ्या उत्तरकालीन कोरक्यांनी तीही खूण इमाने उतरवलेली असू शकते, हे ज्याला ठाऊक आहे तोच येथे सावध राहतो. ग्रंथसूचीतील ज्या एका ओळीवरून वाचकाची नजर क्षणात पुढे सरकते, त्या ओळीमागे अनेकदा दोन-दोन दिवसांचे असे संशोधन असते. आणि ती ओळ चुकली तर तिच्यावर विसंबून लिहिलेला प्रबंधही चुकतो.

लेखकांच्या नावांची कथाही तशीच. सुंगकालीन कवी सू श हाच सू तुंग-फो. शिवाय प्रौढपणी मिळालेले नाव वेगळे, स्वतः घेतलेली उपनामे वेगळी, आणि ग्रंथावर यांपैकी कोणतेही एक असू शकते. ही सारी नावे एका मनुष्याच्या खाती रुजू करणे हे काम अत्यंत चिकाटीचे आहे.

या व्यवसायाला शास्त्राचे स्वरूप ज्यांनी दिले, त्यांत अल्फ्रेड काइमिंग च्यू यांचे नाव मी अग्रभागी ठेवीन. १८९८ साली जन्मलेले हे गृहस्थ वूचांगच्या बून ग्रंथालय-विद्यालयाच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. ते विद्यालय मेरी एलिझाबेथ वुड या अमेरिकन बाईंनी १९२० साली स्थापन केले होते. पुढे च्यू हार्वर्डला शिकावयास गेले, तेथील थोड्याशा चिनी-जपानी पुस्तकांची नोंद करण्याचे काम विद्यार्थिदशेतच त्यांच्याकडे आले, आणि ते तीन दशकांहून अधिक काळ त्या संग्रहाचे प्रमुख राहिले. त्यांची डॉक्टरेट मात्र कृषि-अर्थशास्त्रातील होती, ही गोष्ट मला लक्षणीय वाटते. त्यांच्यापुढील प्रश्न असा होता की, अठराव्या शतकात चिएन-लुंग सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या महासंग्रहाने स्वीकारलेले अभिजात ग्रंथ, इतिहास, दर्शने आणि साहित्य हे चार विभाग रसायनशास्त्राला किंवा रेल्वेला जागा देत नाहीत. आणि पाश्चात्त्य पद्धती स्वीकारावी, तर कन्फ्युशियसप्रणीत अभिजात ग्रंथ इतिहास, काव्य, धर्म अशा निरनिराळ्या कपाटांत विखुरले जातात, की ज्यांना चिनी परंपरेने दोन हजार वर्षे एकत्र वाचले. च्यू यांनी अभिजात ग्रंथांना स्वतंत्र आणि पहिला वर्ग दिला, त्यापुढे आधुनिक विद्यांचे वर्ग मांडले, आणि अशी नऊ वर्गांची योजना १९४३ साली छापून प्रसिद्ध केली. अमेरिकेतील व अन्यत्र अनेक पौर्वात्य ग्रंथालयांनी ती उचलली. एखाद्या संस्कृतीची ज्ञानव्यवस्था न मोडता तिला नव्या घरात बसवणे, हे मी श्रेष्ठ दर्जाचे वैचारिक कार्य मानतो.

अक्षरांचा प्रश्न संगणकाने सोडवला, असेही म्हटले जाते. वस्तुतः आरंभी संगणकाने तो बिकटच केला. कार्डांवरील सूचीत रोमन लेखनाशेजारी चिनी अक्षरे हाताने लिहिता येत. पहिल्या संगणकीय सूचींत केवळ रोमन लिपीच उरली, आणि ज्या भाषेत एकाच उच्चाराची डझनांनी अक्षरे आहेत, तिची नावे निव्वळ उच्चारांनी ओळखण्याची पाळी वाचकांवर आली. अमेरिकेतील ग्रंथालयांच्या सामायिक यंत्रणेत चिनी, जपानी व कोरियन अक्षरे प्रथम १९८३ साली आली. त्यानंतरही वेड-जाइल्स ही जुनी रोमन लेखनपद्धती कायम होती. तिच्यात एका लहानशा अपॉस्ट्रॉफी-चिन्हावर दोन वर्णांचा भेद अवलंबून असे आणि संगणकात ते चिन्ह गळले की छिंग राजवट आणि अभिजात ग्रंथ यांची शीर्षके एकमेकांत मिसळत. चीनने १९५८ साली स्वीकारलेली पिनयिन पद्धती अमेरिकन ग्रंथालयांनी अखेर पत्करली, आणि तिच्या अंमलासाठी १ ऑक्टोबर २००० हा दिवस मुकरर झाला. लक्षावधी नोंदी यंत्राने बदलल्या; यंत्राला जे उमगले नाही ते ग्रंथपालांनी डोळ्यांखालून घातले.

आणखी एक समज असा की, या मंडळींचे सारे लक्ष दुर्मिळ आणि प्राचीन ग्रंथांवर असते. निवडीचे मर्म याच्या अगदी उलट आहे : आज ज्याला कोणी विचारीत नाही, ते उद्या कोणाला लागेल, हे ओळखावयाचे. वॉल्टर स्विंगल हे अमेरिकेच्या कृषिखात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ, लिंबूवर्गीय झाडांचे तज्ज्ञ. चीनच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून शतकानुशतके लिहिल्या गेलेल्या स्थानिक वृत्तांतांत तेथील पिके, फळे, वनस्पती यांच्या नोंदी आहेत हे त्यांच्या ध्यानी आले, आणि वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयासाठी त्यांनी हे वृत्तांत जमविण्याचा ध्यास घेतला. विद्वानांच्या दृष्टीने ते तेव्हा दुय्यम वाङ्मय होते. त्या वृत्तांतांत पूर, दुष्काळ, टोळधाड, भूकंप यांचीही नोंद असल्यामुळे पुढे हवामानाच्या इतिहासाचे अभ्यासक त्यांच्याकडे वळले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६–७६) चीनमधून नवी पुस्तके येणे जवळजवळ थांबले, तेव्हा लालरक्षकांनी काढलेली हस्तपत्रके व वार्तापत्रे हाँगकाँगमार्गे मिळवून ती पुनर्मुद्रित करण्याची खटपट झाली. ज्या कागदांना त्यांच्या लेखकांनीही चिरंजीव मानले नव्हते, ते आज त्या कालखंडाचे अव्वल दफ्तर आहे.

चिनी ग्रंथांशी आपला काय संबंध, असे मराठी वाचकाला वाटण्याचा संभव आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९७० साली प्रा. पु. वि. बापट आणि जपानी विद्वान आकिरा हिराकावा यांनी केलेले एका चिनी विनयग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. पाली ‘समंतपासादिका’ टीकेशी निकट नाते असलेला तो ग्रंथ पाचव्या शतकाच्या अखेरीस संघभद्राने चिनीत उतरवला होता. बौद्धांचे कितीतरी संस्कृत ग्रंथ मूळ स्वरूपात नष्ट झाले आणि केवळ चिनी भाषांतरांत राहिले; भारतीय विद्येच्या अभ्यासकाला त्या ग्रंथांपर्यंत नेणारी वाट कोणा ना कोणा चिनी ग्रंथपालाच्या टेबलावरूनच जाते.

आता सर्वांत नाजूक समजाकडे वळतो. परदेशातील चिनी ग्रंथ म्हणजे सारी लूट, असे एक पक्ष म्हणतो. तेथे नेले म्हणूनच ते वाचले, असे दुसरा म्हणतो. दोन्ही विधाने अर्धवट आहेत. तुनह्वांगच्या गुहेतील हस्तलिखिते ऑरेल स्टाइन यांनी १९०७ साली आणि पॉल पेलिओ यांनी १९०८ साली तेथील एका ताओपंथी साधूला अल्प रक्कम देऊन नेली, हे चीनला आजही सलते आणि ते सलणे मला न्याय्य वाटते. मिंग राजवटीत १४०८ साली पूर्ण झालेल्या, अकरा हजारांहून अधिक खंडांच्या महाकोशाचे जे चारशेच्या आसपास खंड आज उरले आहेत, त्यांतील काही १९०० साली पेकिंगमधील वकिलातींच्या वेढ्यात हानलिन अकादमी जळाली तेव्हा परक्यांच्या हाती गेले. उलटपक्षी काँग्रेस ग्रंथालयाचा चिनी संग्रह सुरू झाला तो १८६९ साली तुंग-च्र सम्राटाकडून बियाणे व पुस्तके यांच्या मोबदल्यात आलेल्या नऊशेहून अधिक खंडांच्या रीतसर भेटीने.

आणि काही ग्रंथ चिनी ग्रंथपालांनीच, जीव धोक्यात घालून, परदेशी धाडले. जपानी आक्रमणाच्या काळात पेकिंगच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे अमूल्य ग्रंथ शांघायच्या परकीय वसाहतीत हलवले होते. तीही जागा सुरक्षित राहीना, तेव्हा १९४१ साली छ्येन त्सुन-श्युन या तरुण ग्रंथपालाने सुमारे २,७०० ग्रंथ १०२ पेट्यांत भरून, एका पुस्तकविक्रेत्याने अमेरिकन ग्रंथालयांना विकलेली नवी पुस्तके असे भासवून, जकातीतील एका सहानुभूतिशील अधिकाऱ्याच्या साहाय्याने टप्प्याटप्प्याने जहाजावर चढवले. पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वी ते सर्व रवाना झाले होते. वॉशिंग्टनमध्ये त्यांची सूक्ष्मचित्रे घेण्यात आली, आणि त्यांच्या प्रती जगभरच्या ग्रंथालयांना मिळाल्या. युद्धानंतर ते ग्रंथ परत आणण्याचे काम छ्येन यांच्याकडेच यावयाचे होते. यादवीमुळे ते घडले नाही. १९४७ साली ते शिकागो विद्यापीठात गेले, तेथे वर्षानुवर्षे नोंदीविना साचलेली चिनी पुस्तके त्यांनी मार्गी लावली, ते १९७८पर्यंत त्या संग्रहाचे प्रमुख राहिले, आणि जोसेफ नीडहॅम यांच्या चिनी विज्ञानेतिहासाच्या मालेतील कागद व मुद्रण या विषयावरील खंडही त्यांनीच लिहिला. त्या १०२ पेट्या १९६५ साली तैवानला गेल्या. छ्येन २०१५ साली निवर्तले, तेव्हा त्यांचे वय शंभरावर गेले होते.

राहिला अगदी अलीकडचा समज : आता सारे संगणकावर आहे, मग ग्रंथपाल कशाला? चिनी नियतकालिके, प्रबंध आणि आकडेवारी यांचा ‘सीएनकेआय’ हा प्रचंड संग्रह जगभरची विद्यापीठे वर्गणी भरून वापरीत आली. १ एप्रिल २०२३पासून परदेशातील अनेक संस्थांना त्यातील प्रबंध, परिषदांची इतिवृत्ते, सांख्यिकी वार्षिके आणि जनगणना यांचे दरवाजे बंद झाले. ज्यांनी ती वार्षिके पूर्वी छापील स्वरूपात घेऊन ठेवली होती, त्यांच्या फडताळांवर ती आजही आहेत. ज्यांनी जागा वाचवण्यासाठी छापील वर्गणी थांबवली, त्यांच्या अभ्यासकांना दुसऱ्या ग्रंथालयाकडे याचना करावी लागते. म्हणून हल्ली चिनी ग्रंथपालाच्या कामाचा मोठा भाग कराराच्या मसुद्यांत जातो : आपण मजकूर विकत घेत आहोत की भाड्याने, वर्गणी संपल्यावर मागील वर्षांचा हक्क राहतो की नाही, प्रत स्वतःकडे ठेवता येते की नाही, हे कलमवार वाचावयाचे, प्रतिकूल कलमे बदलून मागावयाची, आणि ती बदलली नाहीत तर छापील प्रतींचा खर्च का आवश्यक आहे, हे ज्यांना चिनीतील एक अक्षरही वाचता येत नाही अशा अर्थसमितीच्या सभासदांना दरवर्षी नव्याने पटवून देऊन त्याची मंजुरी आणावयाची.