संख्या आणि स्मृती : टॉवरच्या खंदकातील मृण्मय फुले

युद्धस्मारकाची रूढ कल्पना पाषाणाशी निगडित आहे. फ्रान्समधील थीपवाल येथे १९३२ साली उभारलेल्या स्मारकावर ७२ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. प्रेक्षक तेथे नाव शोधतो, वाचतो आणि परततो. पहिल्या महायुद्धारंभाच्या शताब्दीनिमित्त २०१४ साली लंडनच्या टॉवर या किल्ल्याच्या कोरड्या खंदकात जे मांडणशिल्प साकारले, त्याने मात्र नावाऐवजी संख्येला दृश्यरूप दिले. कुंभकार पॉल कमिन्स आणि नेपथ्यकार टॉम पायपर हे त्याचे कर्ते होत.

योजना साधी होती. ब्रिटिश व वसाहती सैन्यांतील प्रत्येक मृतामागे पॉपीचे एक मृण्मय फूल, याप्रमाणे ८,८८,२४६ फुले रोवावयाची. खसखशीच्या जातकुळीतील हे तांबडे रानफूल रणभूमीच्या उखणलेल्या मातीत विपुल उगवले, म्हणून ते ब्रिटनमध्ये स्मृतिचिन्ह ठरले. प्रत्येक फूल हाताने घडवून, भाजून, तांबडी झिलई देऊन पोलादी दांड्यावर बसविले होते. त्यामुळे कोणतीही दोन फुले सर्वस्वी सारखी नव्हती. स्थळही अर्थपूर्ण होते : १९१४ च्या ऑगस्टमध्ये नव्याने भरती झालेल्या लंडनकर तरुणांनी याच खंदकात शपथ घेतली होती.

प्रेक्षकास खंदकाच्या काठावरून खाली पाहावे लागे. प्रथम दिसे तो केवळ तांबडा विस्तार. एका बाजूस बुरुजाच्या खिडकीतून फुलांचा ओघ खाली कोसळताना दिसे. दृष्टी स्थिरावली की त्या विस्तारातून एकेक फूल पृथक् होई. समूहाकडून व्यक्तीकडे होणारा हा दृष्टीचा प्रवास म्हणजेच या कृतीचा आशय होय. शिवाय ती एका दिवसात पूर्ण झाली नाही. हजारो स्वयंसेवकांनी उन्हाळ्यापासून फुले रोवली आणि शेवटचे फूल ११ नोव्हेंबर २०१४ रोजी, युद्धविरामाच्या स्मृतिदिनी, रोवले गेले. ऑगस्टमध्ये आलेल्या प्रेक्षकास जेथे हिरवळ दिसली, तेथे ऑक्टोबरमध्ये आलेल्यास फुले दिसली. मृत्यूंची वाढती गणना येथे काळातच घडत होती. दररोज सायंकाळी १८० मृतांची नावे वाचली जात. संख्येने दुरावलेली व्यक्ती त्या वाचनातून काही क्षण परत येई.

या कृतीवर आक्षेपही घेतला गेला. युद्धाची विद्रूपता तिने सुंदर करून टाकली आणि केवळ स्वपक्षाचेच मृत मोजले, असे काही समीक्षकांचे म्हणणे होते. पहिल्या आक्षेपास असे उत्तर देता येईल की, शोकविधीत सौंदर्य वर्ज्य नसते. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे, कारण मोजणी म्हणजे निवड. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या गणनेनुसार संपूर्ण साम्राज्याचे मृत ११ लक्षांच्या आसपास भरतात. त्यांत भारतीय सैन्याच्या सुमारे ७४ हजार मृतांचे सदर निराळे आहे. अर्थात् खंदकातील फुलांची संख्या साम्राज्याच्या एकूण हानीहून बरीच कमी होती.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधील मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या आणि १९१६ साली कुतच्या वेढ्याअंती शत्रूच्या हाती पडल्या. तेथील मृतांसाठी बसरा येथे १९२९ साली स्मारक झाले. परंतु त्यावर भारतीयांपैकी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य शिपायांची मात्र पलटणवार संख्याच नोंदली गेली. लंडनमध्ये प्रत्येक मृतास फूल देऊन संख्येला व्यक्तित्व दिले गेले. बसऱ्यास व्यक्तींचीच संख्या झाली.

प्रदर्शनानंतर खंदकातील बहुतेक फुले प्रत्येकी २५ पौंडांस विकून सैनिकांसाठी कार्य करणाऱ्या संस्थांना साहाय्य देण्यात आले. स्मारक विखुरले आणि घरोघरी गेले. त्याचे पाहणे म्हणजे केवळ नेत्रसुख नव्हते. कोण मोजला गेला आणि कोण राहिला, हा प्रश्न प्रेक्षकाने बरोबर नेला, तरच ते पाहणे पूर्ण झाले असे म्हणावे लागेल.