भिंतीआडच्या लहरी

सौंसरच्या आमच्या जुन्या घराच्या भिंती दीड हात जाडीच्या. उन्हाळ्यात त्यांचा गारवा सुखावतो. परंतु गेल्या वर्षी त्यांनीच कन्येच्या प्रवेश-अर्जाची वाट अडविली. मुदतीचा अखेरचा दिवस, आणि आतल्या खोलीत लॅपटॉपवर वायफायची एकच रेघ ! मी कंपनीच्या नावाने बोटे मोडीत होतो. पांढुर्ण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, लॅपटॉप आधी राउटरजवळ नेऊन पाहा. तिथेही रखडला तर दोष बाहेरच्या लाइनचा. चालला तर आपल्या घराचा."

चालला !

राउटर लोखंडी कपाटामागे, जमिनीवर ठेवलेला होता. वाचकहो, 1948 साली सुरू झालेले नागपूर आकाशवाणी केंद्र ऐकण्यासाठी आपण ट्रान्झिस्टर फिरवीत असू, ते आठवते ना ? त्यातील फेराइटची कांडी केंद्राच्या दिशेला आडवी झाली की आवाज स्वच्छ येई. त्या मध्यम लहरी शेकडो मीटर लांबीच्या, वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटीमीटरची. जाड भिंतीत ती क्षीण होते, लोखंडावर आपटून परतते, पाण्याच्या टाकीत शोषली जाते. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढे अधिकच दुबळी. म्हणून दूरच्या खोलीत 2.4 चेच जाळे निवडावे.

राउटर माजघरातील उंच फळीवर गेला. रात्री पावणेबाराला अर्ज पोहोचला. कपाट मात्र जागचे हललेले नाही. त्यात सौभाग्यवतींचे पापडांचे डबे आहेत.