अक्षरें घडविण्याचें शिक्षण

सकाळीं चहाबरोबर वर्तमानपत्र उघडणारा गृहस्थ बातमी वाचतो. अक्षर वाचीत नाहीं. हें त्या अक्षराचें भाग्यच म्हटलें पाहिजे, कारण ज्या अक्षराकडे वाचकाचें लक्ष जातें त्याचें बहुधा कांहीं तरी बिघडलेलें असतें. परंतु त्या प्रत्येक अक्षराची जाडी, रुंदी, त्याच्या पोटांतील पोकळी आणि शेजाऱ्यापासूनचें अंतर हें सारें कुणीतरी विचारपूर्वक ठरविलेलें असतें. आणि मथळा केवढा असावा, समास किती सोडावा, ओळ कोठें मोडावी, हें आणखी कुणीतरी. ही विद्या माणसास येते कशी, हा प्रश्न मात्र सहसा कुणास पडत नाहीं. गाण्यास गुरु हवा, चित्रकलेस गुरु हवा, हें सर्वांस मान्य. अक्षर तेवढें लहानपणीं कित्त्यावर गिरविलें कीं आलें, अशी आपली समजूत.

या विद्येच्या ज्या शाळा नांवाजल्या त्यांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. नमुन्याचे तक्ते हुबेहूब उतरवून काढणारा विद्यार्थी हातानें कुशल होतो, पण तेवढ्यानें तो अक्षरकार होत नाहीं. त्याच्या हातीं एखादें पुरें काम यावें लागतें, आणि तें काम कुणीतरी परका मनुष्य वाचणार आहे ही जाणीव त्यास व्हावी लागते.

लंडन येथील सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट्‌स अँड क्राफ्ट्‌स या शाळेंत १८९९ सालीं एडवर्ड जॉन्स्टन नांवाच्या सत्तावीस वर्षांच्या तरुणानें लेखनकलेचा वर्ग सुरू केला. हा गृहस्थ मूळचा वैद्यकाचा विद्यार्थी. प्रकृति साथ देईना म्हणून त्यानें तो अभ्यास सोडलेला. रुंद टोकाच्या लेखणीनें लिहिण्याची जुनी रीत तोंपर्यंत इंग्लंडांत जवळजवळ लोपली होती व ती शिकविणारा गुरु त्यास मिळालेला नव्हता. ब्रिटिश म्यूझियममधील हस्तलिखितें हाच त्याचा गुरु. दहाव्या शतकांतील एका स्तोत्रग्रंथाचें अक्षर त्यानें आपल्या शिक्षणाचा पाया म्हणून निवडलें, आणि तें कोणत्या लेखणीनें, लेखणी किती तिरपी धरून लिहिलें असेल याचा शोध तो शिष्यांना शिकवितां शिकवितां स्वतःही घेत राहिला.

त्यांतील मर्म बोरूनें लिहिलेली पोथी ज्यानें पाहिली आहे त्यास चटकन उमगेल. लेखणीचें टोक रुंद असलें व ती एकाच कोनांत धरली, म्हणजे जाड व बारीक रेघा आपोआप उमटतात. त्या मागाहून रंगवून आणाव्या लागत नाहींत. देवनागरीच्या बोरूची कत रोमन लेखणीच्या उलट बाजूस तिरपी असते, म्हणून आपल्या अक्षरांतील जाडपणा रोमन अक्षरांच्या उलट अंगास येतो. रोमन वळणाची नक्कल करून काढलेलें मराठी अक्षर डोळ्यांस कांहीं तरी चुकल्यासारखें वाटतें, त्याचें एक कारण हेंच.

जॉन्स्टनचा भर सुट्या अक्षरांवर नव्हता. त्याचें १९०६ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक पाहिलें तर पान आंखावें कसें, समास कसे सोडावेत, हस्तलिखित ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत तयार कसा करावा, याचेंच विवेचन त्यांत पुष्कळ आढळतें. त्याच्या वर्गांत येणाऱ्यांपैकीं एक एरिक गिल. दिवसा वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरींत उमेदवारी आणि संध्याकाळीं हा वर्ग, असा त्याचा क्रम होता. पुढें १९१३ सालीं लंडनच्या भुयारी रेल्वेसाठीं नवें अक्षर तयार करण्याचें काम जॉन्स्टनकडे आलें, तेव्हां आरंभीं गिल त्याच्या मदतीस होता. १९१६ पासून तें अक्षर स्थानकांवर दिसूं लागलें व थोड्याफार फरकानें तें आजही लंडनच्या वाहतुकींत वापरांत आहे. तें अगदीं साधें, एकसारख्या जाडीचें, लेखणीचा मागमूस नसलेलें. मात्र त्यांतील लहान ‘आय्’ या अक्षरावरचा टिंब पाहावा: तो वाटोळा नसून चौकट उभी तिरपी केल्यासारखा आहे. रुंद लेखणी कागदावर क्षणभर टेकविली कीं असाच ठिपका उमटतो.

दुसरें उदाहरण जर्मनींतील, आणि तें अधिक विलक्षण आहे. वायमार येथें १९१९ सालीं निघालेल्या बाउहाउस या कलाशाळेंत हर्बर्ट बायर हा ऑस्ट्रियन तरुण १९२१ सालीं विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १९२३ सालीं जर्मन मार्काची किंमत इतक्या झपाट्यानें उतरूं लागली कीं पूर्वीच्या नोटा निरुपयोगी झाल्या. तेव्हां थुरिंगिया प्रांताच्या बँकेनें घाईनें नव्या नोटा काढविल्या, आणि त्यांची रचना बायरकडे, म्हणजे शाळेंत शिकत असलेल्या एका विद्यार्थ्याकडे आली. दहा लाख व वीस लाख मार्कांच्या त्या नोटांवर वेलबुट्टी नाहीं कीं अलंकृत चित्रें नाहींत. ठळक मोठे अंक, जाड रेघा आणि साधीं अक्षरें, एवढाच सारा संभार. नोट छापावयास वेळ नाहीं आणि गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारास दहा लाख कोणते व वीस लाख कोणते हें एका दृष्टिक्षेपांत कळलें पाहिजे, असा तो पेंच होता. वर्गांत बसून दिलेला कोणता अभ्यास इतका कठोर असता? त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत एका डॉलरला ४ लक्ष २० हजार कोटी मार्क पडूं लागले, व त्या नोटांची किंमत कागदाइतकीही उरली नाहीं. आज त्या मुद्रणकलेच्या इतिहासांत आढळतात.

हाच बायर १९२५ सालीं देसाउ येथें बाउहाउसच्या छापखान्याचा शिक्षक झाला व मोठीं रोमन अक्षरें अजिबात टाकून केवळ लहान अक्षरांनीं सारें लिहावें असा आग्रह धरूं लागला. देवनागरींत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नसल्यानें मराठी वाचकास या वादाची थोडी गंमतच वाटेल.

मुंबईकडे वळावें तर येथें अक्षरें घडविण्याची विद्या प्रथम शाळेंत नव्हे, कारखान्यांत वाढली. जावजी दादाजींनीं १८६४ सालीं खिळे ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठीं पोलादावर अक्षरें कोरणारे राणोजी रावजी आरू हे कोणत्याही कलाशाळेचे पदवीधर नव्हते. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें व्यापारी कलेचा विभाग १९३५ सालीं उघडला. पवई येथील आय. आय. टी.चें इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ सालचें. जे. जे.चे विद्यार्थी असलेले र. कृ. जोशी यांनीं जाहिरातींच्या व्यवसायांत नांव मिळविल्यावर पवईस अध्यापन केलें. संगणकावर मराठी वाचणाऱ्या असंख्य लोकांच्या नजरेखालून गेलेलें ‘मंगल’ हें अक्षर त्यांच्याच हातचें.

देवनागरी अक्षरमाला घडविण्याचें काम विद्यार्थ्यानें अंगावर घेतलें म्हणजे काय होतें, तें थोडें तपशिलानें पाहण्याजोगें आहे. रोमन लिपीस सव्वीस अक्षरांच्या दोन माळा पुरतात. येथें मूळ अक्षरांना काने, मात्रा, वेलांट्या, उकार व रफार लागतात, जोडाक्षरें येतात, आणि संख्या शेंकडोंवर जाते. म्हणून शहाणा विद्यार्थी ‘अ’पासून आरंभ करीत नाहीं. न, प, व, क, म अशीं मोजकीं अक्षरें घेऊन तो प्रथम दंडाची जाडी, शिरोरेषेची उंची व पोकळीचा आकार ठरवितो आणि त्यांचे शब्द जुळवून पाहतो. सुटें काढलेलें ‘क’ देखणें असूनही ‘कमान’ या शब्दांत पसरट दिसतें, तेव्हां त्यास पहिला धडा मिळतो.

खरी कसोटी त्यापुढें. ‘वर्षीं’ हा एकच शब्द घ्यावा. ‘ष’च्या माथ्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच वेळीं गर्दी करतात. त्यांस जागा द्यावी तर ओळींतील अंतर वाढतें. अंतर वाढवूं नये तर वरच्या ओळीचा उकार येऊन त्यांवर आदळतो. ‘ख’ची जोडणी सैल राहिली तर ‘खाना’ म्हणतां म्हणतां ‘रवाना’ होतो. ‘भ’च्या डोक्यावरील शिरोरेषेंतील फट बारीक अक्षरांत शाईनें बुजली तर ‘भरण’ या शब्दाचें ‘मरण’ होतें, आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठींत असली गफलत हसण्यावारी नेतां येत नाहीं. शिवाय ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ यांतील चंद्रकोरीसारखा ‘र’ आहे. मराठी ‘ल’ आहे, ज्यास हिंदीप्रमाणें उजवा दंड नसून मधल्या देठाच्या दोहों बाजूंस दोन पाकळ्या असतात. हीं दोन अक्षरें विसरून केलेली माळ कितीही सुबक असली तरी मराठी घरांत ती परकीच राहते. अशीं परकीं अक्षरें दुकानांच्या पाट्यांवर व लग्नपत्रिकांवर आज सर्रास दिसतात, याचा खेद केल्यावांचून राहवत नाहीं.

अशा विद्यार्थ्यास काम कोणतें द्यावें? भित्तिपत्रकाचा मोह शिक्षकांना फार. पण चार मोठ्या शब्दांत पुष्कळ दोष लपतात. त्याऐवजीं पंचांगाचें एक पान द्यावें. मराठी मुद्रणाच्या बाल्यावस्थेंत, १८३१ सालीं, गणपत कृष्णाजींनीं शिळाप्रेसवर पंचांग छापलें; तेव्हांपासून मुद्रकाची परीक्षा पाहणारें असें दुसरें पान क्वचितच असेल. तिथि, वार, नक्षत्र, योग, करण, सूर्योदय, सारें अरुंद रकान्यांत. अंक आणि अक्षरें शेजारींशेजारीं. पुष्कळ शब्द संक्षेपानें लिहिलेले. विद्यार्थ्यानें आपल्याच अक्षरांत हें पान जुळवावें, छापून घ्यावें, आणि घरांतील आजीबाईंपुढें ठेवून पुढची एकादशी कधीं आहे तें विचारावें. त्या पान डोळ्यांजवळ नेतात कीं खिडकीकडे वळवितात, हें त्यानें मुकाट्यानें पाहावें, जेथें त्यांचें बोट थांबेल तेथें पेन्सिलीनें खूण करावी, आणि तेवढींच अक्षरें पुन्हां काढावयास बसावें.