ब्रेक सोडला, तरी गाडी सोडेना



हौगांगमध्ये दुचाकी बाळगणाऱ्या आपल्या लोकांची एक तक्रार हमखास ऐकू येते, तीही गणपती-दिवाळीची सुट्टी संपल्यावर. महिनाभर गाडी उघड्या लॉटमध्ये उभी, वरून पाऊस. परत येऊन न्यूट्रलमध्ये ढकलायला जावं तर पुढचं चाक जड. मग "थोडी चालवली की सुटेल" म्हणून गाडी तशीच बाहेर काढली जाते.

नेमकं हेच करू नये. पॅड घासत राहिले की डिस्क तापते, ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचते, ऑइल फुगते आणि ब्रेक आणखी आवळला जातो. शेवटी चाक जाम होते. किंवा ऑइल उकळून त्यात वाफ धरते आणि लिव्हर दाबली तरी ब्रेक लागत नाही. केपीईचे भुयारच सुमारे ९ किलोमीटरचे आहे. तिथे यातले काहीही झाले तर काय, ते सांगायला नको.

ब्रेक सुटतो कसा?

पुण्या-मुंबईत चेतकवर हात बसलेल्यांना ड्रम ब्रेक ओळखीचा. त्यात शू मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्क ब्रेकमध्ये तशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची रबरी सील असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळली जाते, सोडला की पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. त्याच वेळी मास्टर सिलिंडरमधल्या बारीक छिद्रातून ऑइल टाकीत परत जाते. म्हणजे ब्रेक लागायला तुमच्या हाताचा जोर आहे. सुटायला फक्त एक रबर, एक छिद्र आणि स्वच्छ धातू. त्यामुळे "ब्रेक चांगला लागतोय" म्हणजे ब्रेक ठीक आहे, असे नव्हे.

दोष कुठे आहे?

पार्ट बदलण्याआधी हे ठरवा.

१) चाक जमिनीपासून उचलून हाताने फिरवा. पॅडचा हलका घासल्याचा आवाज चालतो. चाक लगेच थांबणे चालत नाही.

२) लिव्हरला थोडा मोकळा खेळ आहे ना, ते बघा. बाहेरून घेतलेली लिव्हर कधीकधी मास्टर सिलिंडरचा पिस्टन कायम दाबून ठेवते आणि ते बारीक छिद्र बंद राहते. टाकीतले ऑइलही वरच्या खुणेच्या वर नको.

३) ब्रेक दाबून सोडा. चाक अडकले की ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून पाव आटा सैल करा. ऑइल उसळून चाक सुटले तर दाब वर अडकला होता, म्हणजे दोष मास्टर सिलिंडरचा किंवा होजचा. चाक अडकलेलेच राहिले तर दोष कॅलिपरचा.

४) दोष वरचा निघाला तर निपल बंद करून पुन्हा दाब द्या आणि आता मास्टर सिलिंडरजवळचा होजचा बोल्ट सैल करा. चाक सुटले तर मास्टर सिलिंडर. नाही सुटले तर होज आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाहीये.

ब्रेक ऑइल रंग खाते, तेव्हा टाकी फडक्याने झाका, सांडलेच तर लगेच पाण्याने धुवा. डोळ्यांना चष्मा हवा. जोड उघडला की वॉशर नवा, आणि एअर काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

कॅलिपर अडकला असेल तर

इथल्या हवेत बहुतेक वेळा गुन्हेगार हाच. आधी सरकत्या पिना बघा. सुकल्या असतील तर साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साधे ग्रीस नको, त्याने रबर फुगते. मग पॅड काढून लिव्हर हळूहळू दाबत पिस्टन थोडा बाहेर आणा. तो पूर्ण निसटू नये म्हणून समोर लाकडाचा तुकडा धरा. साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश एवढे पुरते. पेट्रोल, रॉकेल सीलच्या जवळपासही नको. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर पिस्टन आणि सील दोन्ही बदलायचे. सील बसते त्या खाचेत पांढरा क्षार साचला तरी सील पुढे ढकलली जाऊन पिस्टन आवळते; तो न खरवडता नवी सील घातली तर थोड्या दिवसांत पुन्हा तेच.

मागे ड्रम असेल तर कॅमचा दांडा सुकला आहे का ते पाहा. चेन ताणताना चाक मागे सरकते आणि ब्रेकचा रॉड आपोआप आवळला जातो, हे पुष्कळदा विसरले जाते.

मूळ कारण पाणी

सिंगापुरात वर्षाला सुमारे २१०० मिलिमीटर पाऊस पडतो, पुण्याच्या जवळपास तिप्पट. डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषते. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस, ओलावा धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. तेच पाणी आतून धातूही गंजवते. म्हणून किलोमीटर कमी झाले असले तरी दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

आता प्रश्न, हे घरी करावे का? तपासणी अवश्य करा. कॅलिपर खोलायचा अनुभव नसेल किंवा गाडीला एबीएस असेल तर गॅरेज बरे. हौगांगहून काकी बुकिट जवळच आहे. पण तिथे "ब्रेक बघा" एवढंच सांगू नका; "निपल सोडल्यावर चाक सुटतं" किंवा "सुटत नाही" हे सांगा. न लागणारे पार्ट बदलले जाणार नाहीत.

तीन वर्षांवरच्या मोटरसायकलची तपासणी इथे वर्षातून एकदा होते. चाक फिरवून बघायला अर्धे मिनिट लागते. सुट्टीहून परत आलात की बॅगा उघडायच्या आधी नाही, पण किल्ली फिरवायच्या आधी तेवढे जरूर करा.

जाणकारांनी भर घालावी.