लाखोळीची डाळ व पायांचे मज्जातंतू

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत धान उभे असतानाच त्याच्या बुडाशी लाखोळीचे बी फेकण्याची वहिवाट आहे. नांगरट नको, पाणी नको. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक येते, आणि दाण्यात शेकडा २५ हून अधिक प्रथिने असतात. अशा गुणी कडधान्याने माणसाचे पाय कसे जातात, हे समजण्यास पायांस हुकूम कोठून येतो ते प्रथम पाहिले पाहिजे.

मेंदूच्या माथ्याकडील पेशींपासून निघालेले तंतू मानेच्या वरच्या अंगास बाजू बदलतात व कण्यातील मज्जारज्जूतून कमरेकडे उतरतात. तेथील दुसऱ्या पेशी त्यांचा हुकूम पुढे पायाच्या स्नायूंस पोचवितात. ही दोन टप्प्यांची डाकच होय. खालच्या टप्प्याच्या पेशी मेल्या तर पाय लुळा पडून वाळतो. पोलिओत असे घडते. वरच्या टप्प्याकडे मात्र हुकूम देण्याखेरीज खालच्या पेशींस आवर घालण्याचेही काम असते. तो तुटला म्हणजे खालच्या पेशी मोकाट सुटतात. स्नायू ताठतात, गुडघ्याखाली हलकेच ठोकले तरी पाय जोराने उडतो, मांड्या एकमेकींवर येतात आणि टाच भुईस टेकत नाही. लाखोळीचा रोग तो हाच. बुद्धी व स्पर्शज्ञान शाबूत राहते, हातही बहुधा वाचतात. मनुष्य काठीवर येतो, पुढे दोन काठ्यांवर, आणि फारच झाले तर रांगू लागतो. कष्टकरी तरुण पुरुष यास अधिक बळी पडतात.

याचे कारण दाण्यातील एक आम्ल होय. १९६४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील संशोधकांनी ते वेगळे काढले. त्यास संक्षेपाने ‘ओडॅप’ म्हणतात. पेशी ज्या द्रव्याच्या योगे एकमेकींस चेतवितात, त्याच्याशी याचे इतके साम्य आहे की पेशी फसते, अतिशय चेतते व अखेर मरते. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून या रोगावर औषध नाही.

वरणात अधूनमधून ही डाळ आली म्हणून कोणी पांगळा होत नाही. आहाराचा तिसरा हिस्सा वा अधिक लाखोळीचा असून तो क्रम दोन-तीन महिने चालला, म्हणजे धोका उभा राहतो. हे दुष्काळात घडते, कारण इतर पिके बुडाली तरी हे तगते. त्यातून पाण्याचा ताण पडला की दाण्यातील विष वाढते. रेवा-सतना भागात मजुरीच लाखोळीच्या रूपाने देत. त्या पांगळेपणाचा दोष केवळ दाण्यास देणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. १९४२-४३ च्या हिवाळ्यात युक्रेनमधील वाप्नियार्का छावणीत ज्यू कैद्यांस हेच धान्य रोज खावे लागले व शेकडो पांगळे झाले. तेथील कैदी डॉक्टर आर्थर केसलर यांनी कारण ओळखले.

१९६१ साली केंद्र सरकारने विक्रीवर बंदी घातली. महाराष्ट्राने ती २००८ साली उठविली. बंदीच्या काळातही पेरा थांबला नव्हता, आणि तुरीच्या व हरभऱ्याच्या डाळीत भेसळही होतच होती.

विष पाण्यात विरघळणारे आहे. डाळ कढत पाण्यात काही तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे, मग नव्या पाण्यात शिजवावी. विषाचा मोठा भाग निघून जातो. नुसते भाजून वा त्याच पाण्यात शिजवून तो जात नाही. भिजवणीचे पाणी गुरांसही पाजू नये. पोटऱ्यांत वांब येऊ लागले, पाय जड वाटू लागले, तर त्याच दिवशी ही डाळ सोडावी. सोडल्यावर रोग सहसा पुढे सरकत नाही.

बियाणे घेताना ‘रतन’, ‘प्रतीक’ अथवा ‘महातिवडा’ या जाती पाहाव्यात. त्यांत विषाचे प्रमाण शेकडा ०.१ हूनही कमी आहे. मात्र शेजारी जुनी जात असल्यास मधमाश्यांकडून संकर होतो, म्हणून बी धरण्याचा तुकडा दूर राखावा.