मिकी १७ की मिकी १८? क्लोन, बॅकअप आणि ‘मी’

आज क्लोनवर बोलूया. आपल्याकडच्या डबल रोलमध्ये शेवटी जुळे भाऊ निघतात आणि प्रश्न मिटतो. क्लोनच्या गोष्टीत प्रश्न तिथून सुरू होतो.

बाँग जून-होचा ‘मिकी १७’ पाहिलाय? २०२५ चा. रॉबर्ट पॅटिन्सन यात मिकी आहे आणि त्याची नोकरी म्हणजे मरणं! बर्फाळ परग्रहावरचं जिवावरचं काम त्याला द्यायचं, मेला की प्रिंटरमधून नवा मिकी काढायचा, साठवलेल्या आठवणी त्यात भरायच्या. सतरावा मिकी बर्फाच्या भेगेत पडतो. सगळ्यांना वाटतं, गेला. तो कसाबसा परत येतो, तर अठरावा आधीच हजर!

खरं क्लोनिंग असं नसतं बरं का. डॉली मेंढी ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडमध्ये जन्मली, एका मोठ्या मेंढीच्या कासेतल्या पेशीपासून. पण जन्मली कोकरू म्हणूनच, आणि त्या मेंढीची एकही आठवण तिच्यात नव्हती. क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. म्हणजे मिकीच्या गोष्टीतली खरी जादू क्लोनची नाही, बॅकअपची आहे.

आता तुमचा फोन घ्या. नव्या फोनवर बॅकअप रिस्टोअर केला. त्या मिनिटाला दोन्ही फोन सारखे. मग जुन्यावर तुम्ही मांजराचा फोटो काढला, नव्यावर पावसाचा. झाले वेगळे! आम्ही कोडवाले म्हणू, कमिट एकच, ब्रँच दोन. यातली ‘खरी’ कुठली, या प्रश्नाला अर्थच नाही.

तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये साधारण हेच मांडलं. ‘तो तोच आहे का’ हे एवढं महत्त्वाचं नाही. आठवणी, स्वभाव पुढे चालू राहिले का, हे महत्त्वाचं.

मला हे अर्धंच पटतं. मिकी एकेकटा होता तोवर ‘मी मेलो तरी मीच उठेन’ असं म्हणता यायचं. अठरावा समोर उभा राहिल्यावर सतराव्याला कळतं, आता मेलो तर मी संपलो. पुढे जगेल तो दुसरा कुणीतरी.

मागे एक प्रोजेक्ट सोडताना मला सांगितलं गेलं, “सगळं डॉक्युमेंटमध्ये लिहून ठेव, मग कुणीही करेल.” लिहिलं. चाळीस पानं झाली. काम खरंच अडलं नाही. पण त्या ‘कुणीही’ शब्दाने दोन दिवस झोप उडवली. मिकीला येणारा-जाणारा विचारतो, मरताना कसं वाटतं रे? जेवलास का, हे विचारणारे फार थोडे. बदली माणूस तयार आहे म्हटलं की समोरच्याची किंमत कशी घसरते, ते हा सिनेमा हसवत हसवत दाखवतो.

तर मंडळी, उद्या तुमचा अठरावा नंबर दारात आला, तर पहिला चहा कुणाला द्याल? सांगा नक्की. भेटू पुढच्या भागात!